मुळशीत राहायला जाताना

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या फलकांवर विकायला एकच माल असतो, तो म्हणजे निसर्ग. टू बीएचके असो, बंगलो प्लॉट असो की फार्महाऊस, वर डोंगर, खाली पाणी आणि मधोमध हसरं कुटुंब. फलकावरचा डोंगर खराच आहे. मुळशी तालुका देखणा आहे, हवा गार आहे, आणि शहराच्या गर्दीला वैतागलेल्या माणसाला तिथे घर घ्यावंसं वाटलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. पण नळाला पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत दुखू लागलं तर दवाखाना किती वेळात गाठता येतो, आठवीतली मुलगी एकटी बसने शाळेत जाऊ शकते का, याबद्दल फलक काही बोलत नाहीत. राहणीमान तर याच गोष्टींवर ठरतं. माझं म्हणणं असं आहे की मुळशीकडे निसर्ग भरपूर आहे, पण एवढ्या लोकवस्तीला लागणारी नागरी व्यवस्था फार तोकडी आहे. आणि ती वेळेवर उभी राहिली नाही, तर ज्या निसर्गासाठी लोक येताहेत तोही हातचा जाईल. हे पटवण्यासाठी मुळशीच्या इतिहासाबरोबरच जपानमधल्या तोयामा या प्रांतिक शहराचा दाखला मला फार उपयोगाचा वाटतो. त्याकडे वळण्याआधी मुळशीचा निसर्ग म्हणजे नेमकं काय, हे पाहायला हवं.

तालुक्याचं क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस किलोमीटर. तहसीलचं गाव पौड. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख ७१ हजारांच्या घरात होती. पूर्वेला बावधन-भूगाव आणि पश्चिमेला ताम्हिणी घाट यांच्यात जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर आहे, पण एवढ्यात पावसाचं मान पार बदलतं. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या एकट्या चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा जवळपास पाऊण हिस्सा एका दिवसात. हे पाणी धरून ठेवायची आणि हळूहळू खाली सोडायची व्यवस्था इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहे. माथ्यावर जंगल आहे. त्यातल्या सुमारे पन्नास चौरस किलोमीटरला २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि शेकरू तिथे अजून झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारतं. गावागावांच्या देवराया आहेत. ताम्हिणीची विंझाई देवीची राई त्यांपैकीच एक. राईतलं झाड तोडायचं नाही, ही रीत कुठल्याही वनखात्याच्या आधीची आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या रायांनी दुर्मीळ झाडं आणि पाण्याचे झरे दोन्ही राखले आहेत हे शास्त्राच्या भाषेत मांडलं गेलं. गावकऱ्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं.

जंगलाच्या खाली भातखाचरं येतात, आणि तिथे जरा थांबायला हवं. खाचर म्हणजे नुसतं शेत नव्हे. उताराला आडवे बांध घालून केलेल्या त्या पायऱ्या असतात. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी ओढ्यात. जून-जुलैत आवणीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून बायका रोपं लावतात, तेव्हा सगळी खाचरं पाण्याने भरलेली असतात. डोंगरावरून सुसाट आलेलं पाणी इथे दम खातं. गाळ मागे राहतो, काही पाणी जमिनीत मुरतं, आणि तेच पुढे गावच्या विहिरीला येतं. आंबेमोहोर याच मुलखाचा तांदूळ. त्याच्या एका वाणाचा आयआर-८ या भाताच्या वाणाशी संकर करून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने इंद्रायणी काढला, आणि आज पुण्यातल्या घराघरांत तो शिजतो. खाचर हे भात पिकवायचं ठिकाण आहे आणि पुराला आवर घालण्याचं कामही तेच करतं. त्यासाठी आजवर कुणाला बिल आलेलं नाही, म्हणून त्याची किंमतही कुणी मोजली नाही.

या पाण्यावर पहिला मोठा हक्क सांगितला गेला तो शंभर वर्षांपूर्वी. मुंबईला वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर मुळशीजवळ धरण बांधायला घेतलं, आणि पन्नासच्या वर गावांची जमीन पाण्याखाली जाणार हे उघड झालं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या अग्रभागी होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात, आणि पुढे दीर्घ तुरुंगवासही याच लढ्यासाठी त्यांच्या वाट्याला आला. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: जमिनीच्या कागदावर नाव पुष्कळदा पुण्याच्या सावकाराचं होतं आणि जमीन कसणारा कूळ मावळा होता. मोबदला कागदाच्या मागे गेला. विस्थापन मात्र कसणाऱ्याच्या वाट्याला आलं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. तेव्हापासून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळतं, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात कोसळतं आणि वीज देऊन कुंडलिकेला मिळतं. कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, ते या पाण्याच्या जोरावर. जलाशयाच्या काठच्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी ओढाताण करावी लागते. तालुक्याच्या दक्षिण भागात मुठेवर टेमघर धरण झालं, ३.७१ टीएमसीचं, त्याचं पाणी खडकवासला साखळीतून पुण्याला जातं. मुंबईला वीज आणि पुण्याला पाणी देणाऱ्या या तालुक्याची स्वतःसाठीची पाणीयोजना कधीच त्या तोलाची झाली नाही.

धरणाला विरोध करणारे तेव्हा चुकले की बरोबर होते, हा वाद इथे उकरायचा नाही. वीज लागणारच होती. पण त्या प्रसंगात पडलेला पायंडा पाहण्यासारखा आहे. मुळशीत काय व्हावं हे मुळशीबाहेरच्या गरजेने ठरलं, निर्णय एकेका प्रकल्पापुरता झाला, आणि तालुक्याचा सबंध विचार कुणाच्याच टेबलावर नव्हता. नव्वदच्या दशकात हिल स्टेशनचं धोरण आलं, तेव्हाही तेच झालं. वरसगावच्या पाणलोटात दासवे-मुगाव परिसरात लवासा उभं राहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं. अख्खं शहर बांधायला निघालेल्या प्रकल्पात राहणारे लोक मोजकेच उरले, आणि जुलै २०२४ च्या पावसात तिथल्या बंगल्यांवर दरड कोसळली. निसर्गरम्य जागा निवडली, आराखडे परदेशी धर्तीचे केले, रस्ते गुळगुळीत केले, तरी शहर घडत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मुळशीबाहेर शोधायची गरज नाही.

हिंजवडीची गोष्ट उलट दिशेने तिथेच पोचते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माण-हिंजवडीच्या शेतजमिनीवर आयटी पार्क आलं. नोकऱ्या आल्या, खऱ्या आणि चांगल्या पगाराच्या. हजारो मराठी घरांची परिस्थिती त्यांनी पालटली हे मान्यच करायला हवं. पण लाखोंनी माणसं कामाला येतील तिथे रेल्वे लागेल, नाले मोकळे ठेवावे लागतील, हे कळायला फार उशीर झाला. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन व्हायलाच डिसेंबर २०१८ उजाडला. जून २०२५ मध्ये हिंजवडीतले रस्ते पाण्याखाली गेले आणि नाल्यांवरच्या भरावांची चर्चा सुरू झाली. चर्चेत बहुतेक वेळा 'अतिक्रमण' हा शब्द असतो, पण मुळात जे घडलं ते अगदी साधं आहे. उतारावरच्या खाचरात मुरूम टाकून जमीन सपाट केली जाते. बांध जातो, पाणी उतरायचं तोंड बुजतं, कडेने कंपाऊंडची भिंत येते. वरून येणाऱ्या पाण्याला आता दम खायला जागा नाही आणि ओढ्यापर्यंत जायला वाट नाही, म्हणून ते सापडेल तो उतार धरतं, आणि तो उतार म्हणजे आता डांबरी रस्ता. प्रत्येक मालकाने आपापल्या प्लॉटपुरतं योग्य तेच केलेलं असतं. बिघडतं ते पंचवीस-तीस प्लॉटांचं मिळून, आणि पंचवीस-तीस प्लॉट एकत्र पाहणारं तिथे कुणी नसतं.

पाण्याच्या दुसऱ्या टोकालाही हेच दिसतं. भूगाव-भुकूमच्या परिसरात खाटपेवाडीच्या तलावाजवळ राम नदी उगम पावते, बावधन-पाषाणमधून वाहत पुढे मुळेला मिळते. पुण्यात या नदीच्या स्वच्छतेसाठी बरीच वर्षं नागरिक झटताहेत. पण नदी शहरात शिरण्याआधीच तिच्यात सोसायट्यांचं आणि गावांचं सांडपाणी उतरतं, कारण उगमाकडच्या गावांत सांडपाण्याची सलग वाहिनी नाही. खाली कितीही साफ केलं तरी वरचा नळ चालूच आहे. आणि पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने गावांना खेटून उभे राहिले. ७ जून २०२१ ला उरवड्यातल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागून सतरा कामगार गेले, त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. हे सगळं एकाच डोंगररांगेच्या पायथ्याशी, तिच्या हिरव्यागार चित्राखाली घडलं.

आता तोयामाकडे. पुणेकरांना जपानी प्रांतिक शहराची ओळख आहे ती ओकायामामुळे. तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान झालं. बाग सुंदर आहे, पण जपानी शहरांकडून शिकायचं ते बागेपलीकडे आहे, आणि त्यासाठी मुळशीशी तोयामाची तुलना जास्त चपखल बसते. तोयामा जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. मागे तातेयामाची तीन हजार मीटरची रांग, पुढे समुद्र, मध्ये भाताची शेती आणि जोरदार वाहणाऱ्या नद्या. प्रांताच्या डोंगरात कुरोबे हे देशातलं मोठं जलविद्युत धरण आहे. २००५ मध्ये आसपासच्या नगरपालिका एकत्र होऊन आजचं तोयामा शहर झालं. क्षेत्रफळ सुमारे १,२४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुळशी तालुक्यापेक्षा थोडं मोठं, आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. डोंगर, धबधबे, भात, वीज, पाणी हे सगळं दोन्हीकडे आहे. तरीही तोयामाचं राहणीमान निसर्गाने आयतं दिलेलं नाही. उलट त्या शहराच्या अलीकडच्या इतिहासात निसर्गाच्या कुशीतच एक मोठी शोकांतिका घडली.

तोयामाच्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका नावाची खाण होती. तिचं कॅडमियम नदीत उतरलं, नदीतून पाटाने भाताच्या शेतात आलं, आणि भातातून माणसांच्या हाडांत. हाडं ठिसूळ होऊन साध्या हालचालीनेही मोडत. वेदनेने विव्हळणाऱ्या, बहुतांशी प्रौढ शेतकरी बायकांच्या या आजाराला जपानीत 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असं नाव पडलं. स्थानिक डॉक्टर हागिनो यांनी वर्षानुवर्षं हा आजार खाणीशी जोडून दाखवला. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला, त्याच वर्षी रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९७१-७२ मध्ये खालच्या आणि वरच्या, दोन्ही न्यायालयांत जिंकले. पण त्यांची खरी कमाई नुकसानभरपाईच्या पलीकडची होती. कंपनीशी झालेल्या करारात रहिवाशांना खाणीत आत जाऊन तपासणी करण्याचा हक्क मिळाला. तज्ज्ञांना बरोबर घेऊन ते दरवर्षी आत जाऊन पाहत आले आहेत. दूषित शेतांची माती बदलण्याचं काम २०१२ मध्ये पूर्ण झालं. नदी स्वच्छ झाली ती डोंगर पवित्र आहेत म्हणून नव्हे. खालच्या गावाला वरच्या कारखान्यात डोकावण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला म्हणून झाली. उरवडे, पिरंगुट किंवा राम नदीच्या काठच्या माणसाला आज हा अधिकार कुठल्या दारातून मिळतो?

तोयामाचा दुसरा धडा वस्ती कुठे आणि कशी पसरू द्यायची याचा आहे. मोटारी स्वस्त झाल्यावर तोयामाही मुळशीसारखंच विस्कटत गेलं. जपानच्या प्रांतिक राजधान्यांमध्ये तिथली वस्ती सर्वांत विरळ झाली. विरळ वस्ती महाग पडते. तेवढ्याच माणसांसाठी जास्त लांबीचे रस्ते, जास्त लांबीची गटारं, आणि तेवढ्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा खर्च. २००२ मध्ये महापौर झालेल्या मोरी मासाशी यांनी दिशा बदलली. त्यांच्या नियोजनाची कल्पना जपानी खाद्यपदार्थावरून मांडलेली आहे: एक काडी आणि तिच्यात ओवलेले गोळे. काडी म्हणजे रेल्वे किंवा बसचा मार्ग, गोळे म्हणजे त्या मार्गावरच्या दाट, पायी फिरता येतील अशा वस्त्या. गोळ्यांच्या मधली आणि बाहेरची जमीन शेती-जंगलाची. सुरुवात भपकेबाज नव्हती. बंदराकडे जाणारा, प्रवासी आटत चाललेला जुना रेल्वेमार्ग शहराने घेतला, त्यावर २००६ मध्ये जमिनीलगत पायरी असलेली ट्राम सुरू केली, दिवसभर दर पंधरा मिनिटांनी. प्रवासी जवळपास दुप्पट झाले. पासष्टच्या वरच्या नागरिकांना दिवसाच्या वेळेत शहराच्या कोपऱ्यातून मध्यभागी शंभर येनमध्ये येता येऊ लागलं; घरात बसून राहणारे आजी-आजोबा बाहेर पडू लागले. मार्गालगत घर बांधणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला अनुदान मिळू लागलं. २००५ मध्ये अशा मार्गांलगत राहणारे २८ टक्के होते; वीस वर्षांत ते ४२ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठरलं. शहराच्या मधला फुगान कालवा एकेकाळी घाणीने भरला होता आणि बुजवून टाकायची तयारी झाली होती. तो राखला गेला आणि त्याच्या काठी आज शहरातलं सर्वांत आवडतं उद्यान आहे.

हे मुळशीवर मांडून पाहिलं तर चित्र लगेच दिसतं. काडी तयार आहे: चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. गोळेही आहेत, फक्त ते आज एकमेकांत विरघळून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सलग पट्टा होत चालले आहेत. पिरंगुट आणि पौड ही दोन गावं खरीखुरी छोटी शहरं व्हायला हवीत: चार-पाच मजली दाट वस्ती, चालत जाता येईल असा बाजार, सांडपाण्याची एक वाहिनी आणि शेवटी चालणारा प्रकल्प, चोवीस तास डॉक्टर असलेलं रुग्णालय, कनिष्ठ महाविद्यालय, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी खात्रीची बस. भूगावच्या अरुंद रस्त्यात सकाळ-संध्याकाळ अडकणाऱ्या मोटारींपैकी बऱ्याच अशा बसच्या भरवशावर घरी राहतील. आणि या गोळ्यांच्या बाहेर, कोळवणच्या खोऱ्यात, मुठा खोऱ्यात, धरणाच्या काठी, डोंगरउतारांवर नवीन प्लॉटिंग थांबायला हवं. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करायचं नाही असा नियम आजही आहे. तो कागदावर आहे आणि उतारावर जेसीबी आहे.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: जपान श्रीमंत, तिथली लोकसंख्या घटतेय, शिस्त वेगळी, तिथलं इथे कसं चालेल? लोकसंख्येचा मुद्दा खरा आहे. तोयामाने गोळे बांधले ते माणसं कमी होताहेत म्हणून. मुळशीत माणसं वाढताहेत. पण वाढत्या वस्तीला तर हे आधी लागू होतं. घरं बांधायची बाकी आहेत तोवर ती कुठे बांधायची हे ठरवता येतं; तोयामाला विस्कटलेलं पुन्हा गोळा करावं लागलं आणि ते अजूनही पुरतं जमलेलं नाही, तिथली बहुतेक माणसं आजही मोटारीनेच फिरतात. पैशाचं म्हणाल तर देशातल्या मोठ्या आयटी केंद्रांपैकी एक ज्या तालुक्यात आहे, आणि जमिनीच्या व्यवहारांचं मुद्रांकशुल्क जिथून सरकारला सतत मिळतं, तो तालुका गरीब म्हणता येणार नाही. पैसा इथून जातो आणि परत येताना तुकड्यातुकड्यांनी, रस्त्याच्या एखाद्या पट्ट्यापुरता येतो. शिस्त जन्मजात नसते, हे जिंझू नदीने दाखवलंच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मुळशीतल्या शेतकऱ्याचा आहे. भातात पैसा नाही, मजूर मिळत नाही, मुलाला शहरात नोकरी आहे. आमची जमीन आम्ही विकायची नाही का? पुण्यातल्या माणसाने आधी इथे बंगला बांधायचा आणि मग आम्हाला निसर्ग राखायला सांगायचं, हा कुठला न्याय? हा राग रास्त आहे, आणि पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्यांनी तो कधी पुरेसा ऐकून घेतलेला नाही. केंद्राने ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात पश्चिम घाटाचं जे ५६ हजार चौरस किलोमीटरहून मोठं क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं, त्याबद्दल गावांत धास्ती आहे ती यामुळेच. मसुद्यात शेतीला किंवा राहत्या घराला बंदी नसली तरी विश्वास नाही. पण जमीन विकण्याचा हक्क आणि जमीन विकण्याशिवाय पर्याय नसणं यात मोठा फरक आहे. एकदा आलेली रक्कम घर, गाडी, लग्न यांत संपते आणि मग त्याच जागी उभ्या राहिलेल्या सोसायटीत सुरक्षारक्षकाची नोकरी उरते, हे मुळशीत कुणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या खाचराने खालच्या वस्तीचा पूर अडतो आणि विहीर भरते, त्याला त्या कामाचा मोबदला मिळायला हवा, दरवर्षी आणि रोख. पिरंगुट-पौडमध्ये वाढीव बांधकामाची परवानगी देताना जो पैसा उभा राहील, त्यातला हिस्सा खोऱ्यांतल्या खाचरांना आणि देवरायांना देता येईल. बांधकामाचा हक्क एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवण्याची टीडीआरची पद्धत पुण्या-मुंबईत जुनी आहे, ती डोंगराच्या मालकाला का नको? कातकरी वाड्यांना तर विकायला जमीनही नसते. वाडीखालच्या जागेचा कागद हातात नसल्याने ज्याने डोंगर घेतला तो वाडीही उठवू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कुळांची गत आज त्यांची होऊ नये, यासाठी वाडीच्या जागा त्यांच्या नावावर करणं हे कुठल्याही आराखड्यातलं पहिलं काम असलं पाहिजे.

तिसरं म्हणणं मोठ्या सोसायट्यांचं: आमचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, आहे, टँकर आहेत, शाळेची बस आहे, आमचं आम्ही पाहतो. हे काही काळ चालतं. टँकर कुठल्यातरी विहिरीतूनच भरतो, आणि ती विहीर ज्या गावची असते तिथे मार्चमध्ये पाणी खाली जातं. एसटीपी असतो, पण वीजबिल वाचवायला तो बंद ठेवला तर विचारणारं कुणी नसतं. भिंतीच्या आत बसवलेली व्यवस्था भिंतीच्या बाहेरच्या ओढ्याला कळत नाही. आणि मूल मोठं झालं की त्याला भिंतीबाहेरच जायचं असतं, त्याच भूगावच्या रस्त्याने.

हे सगळं ठरवायची जागा आज रिकामी आहे. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. २०२१ मध्ये त्याने प्रारूप विकास आराखडा जाहीर केला. त्यावर हजारो हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली. हिंजवडीच्या बाबतीत पिंपरी-चिंचवडमध्ये समावेशाची चर्चा सुरू राहते. म्हणजे तालुक्याचे तुकडे महापालिका, प्राधिकरण, एमआयडीसी आणि ग्रामपंचायती यांच्यात वाटले गेले आहेत, आणि नदी मात्र या चौघांच्या हद्दीतून एकच वाहते. नवा आराखडा कधीतरी येईल, तेव्हा हरकती-सूचनांची मुदत नेहमीसारखी थोडी असेल. मुळशीत घर असलेल्या, घर घेऊ पाहणाऱ्या आणि तिथेच जन्मलेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे: त्या मुदतीची वाट पाहू नका. आपल्या ग्रामसभेत आत्ताच ठराव मांडा, की गावातले ओढे आणि देवराया सात-बारावर आणि नकाशावर मोजून नोंदवल्या जाव्यात, तीव्र उतारावरचं प्रत्येक काम ग्रामसभेपुढे यावं, आणि पिरंगुट-पौडसाठी सांडपाण्याची एकत्र योजना आधी व्हावी, नवे प्रकल्प मग. आणि घर दाखवायला आलेल्या माणसाने खिडकीतून डोंगर दाखवला, की त्याला विचारा, इथलं सांडपाणी कुठे जातं ते दाखवा.